नाव काढून टाकलेल्या कंपनीच्या खात्यात अडकलेले पैसे

प्रश्न: मेहुण्याबरोबर मी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवत होतो. धंदा बसला, रिटर्न भरायचे राहिले आणि आरओसीने, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निबंधकाने, कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून टाकलं. आजपर्यंत धरले तर पाच वर्षांचे रिटर्न थकलेत. चालू खात्यातले ६,४०,००० रुपये बँकेने गोठवलेत. वकील म्हणतात, दीड लाखात एनसीएलटीतून (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातून) कंपनी पुन्हा जिवंत करून देतो. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी मोडून ही फी भरू का?

उत्तर: एफडी मोडू नका. वकिलांनी सांगितलेला रस्ता खरा आहे, पण त्यांनी सांगितलेला आकडा हा त्या रस्त्यावरचा सगळ्यात लहान खर्च आहे.

कंपनी पुन्हा रजिस्टरवर आली की थकलेले सगळे रिटर्न भरावे लागतात. दरवर्षीचे मुख्य फॉर्म दोन, एओसी-४ (वर्षाचे हिशेब) आणि एमजीटी-७ किंवा छोट्या कंपनीसाठी ७ए (वार्षिक विवरण). जुलै २०१८ पासून उशिराची जादा फी प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये आहे आणि तिला वरची मर्यादा नाही. म्हणजे एका वर्षाचे दोन फॉर्म एक वर्ष उशिरा भरले तर ७३,०००. तुमचं सगळ्यात जुनं रिटर्न ढोबळमानाने पाच वर्षं उशिरा, त्यानंतरचं चार, असं करत शेवटचं एक वर्ष उशिरा धरलं तर बेरीज १०,९५,००० होते. वर वकील, ऑडिट आणि कंपनी पुन्हा रीतसर बंद करायचा खर्च. साडेसहा लाखांसाठी तेरा लाखांच्या आसपास.

अर्ध्यात थांबणं तर आणखी महागात पडेल. कंपनी जिवंत झाली आणि रिटर्न भरले नाहीत, तर मीटर चालूच राहतो आणि संचालक म्हणून तुम्ही दोघं पुन्हा कारवाईच्या कक्षेत येता.

‘मग पैसे गेले का?’ नाही. कंपनी कायद्याच्या कलम २५२ प्रमाणे सभासद (भागधारक) किंवा ज्याचं कंपनीकडून येणं आहे असा धनको राजपत्रात नाव काढल्याची सूचना आल्यापासून २० वर्षांपर्यंत एनसीएलटीकडे अर्ज करू शकतो. १० वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग करते, पण त्यानंतरही हक्कदाराला बँकेमार्फतच ती मागता येते. चालू खात्यावर व्याज नाही, महागाई ती रक्कम कुरतडत राहणार, हे नुकसान मात्र खरं आहे.

गणित बदलू शकतं ते एकाच गोष्टीने: कंपनीचं आणखी काही येणं आहे का? आयकर किंवा जीएसटीचा परतावा, जागेचं डिपॉझिट, एखाद्या ग्राहकाकडे अडकलेलं मोठं बिल. शेवटचा ताळेबंद काढून बसा. त्याच ताळेबंदात ‘संचालकांकडून कर्ज’ ही ओळ शोधा, कारण कर कशावर लागणार ते तिथे ठरतं. तुम्ही घातलेलं कर्ज कंपनीने परत केलं तर ती मुद्दल तुमचं उत्पन्न नाही. लाभांश म्हणून घेतलं तर एप्रिल २०२० पासून तो तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे.

आणखी एक गोष्ट वकिलांना आधीच सांगा. नाव आरओसीने स्वतःहून काढलं की तुम्हीच एसटीके-२ हा नाव काढण्याचा फॉर्म भरून अर्ज केला होता? अर्ज तुमचा असेल तर सोबत मालमत्ता-देण्यांचा हिशेब आणि शपथपत्र दिलेलं असतं. खात्यात पैसे असताना त्यात काय लिहिलं होतं, हे न्यायाधिकरण विचारणारच.

जुन्या चेकबुकवर सही करून पैसे काढायचा सल्ला कोणी दिला, किंवा ‘बँकेत ओळख आहे, टक्केवारी द्या’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने नाव काढलेल्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची खाती गोठवायला लावली होती, तेव्हाच स्पष्ट केलं होतं की कंपनी कायदेशीररीत्या पूर्ववत झाल्याशिवाय माजी संचालकांना खातं वापरता येणार नाही.

आता बँकेकडून शिल्लक आणि खात्याची स्थिती लेखी घ्या. मग वकील आणि सीए दोघांकडून मिळून एकच लेखी अंदाज मागा, जादा फीसकट. येणं आणि शिल्लक मिळून तो आकडा चांगल्या फरकाने ओलांडत असेल तरच अर्ज करा, आणि तेव्हाही मुलीच्या फीला हात न लावता. तिची फी जूनमध्ये भरायची असते, एनसीएलटीची तारीख कधी लागेल ते तुमच्या हातात नाही.