परदेशातल्या मुलांना मराठी शिकवताना

ताई, पहिल्याच दिवशी खेळ आणि रंगीत स्लाइड्स करत बसू नका, मीही त्यात बरेच रविवार घालवलेत. आधी ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करून त्यात बदल करायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जगणे’ यांतला ‘ज’ लिहायला एकच, उच्चार मात्र वेगळे. ‘चहा’ आणि ‘चमचा’चंही तेच. लिपीत हा फरक दिसत नाही, म्हणून संगणकाच्या तयार आवाजावर विसंबू नका. घरातल्या आजीचा आवाज रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीतल्या ‘चेंज टेम्पो’ने वेग कमी केला तरी आवाजाची पट्टी बदलत नाही. मग मुलाचा आवाज खालच्या ट्रॅकवर घ्या, दोन्ही पाठोपाठ ऐकवा. चूक त्यालाच सापडू द्या. टायपिंग नंतर, आणि तेही कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्येच.