होस्टिंगवर नोड लागतं का?

प्रश्न : रिअ‍ॅक्ट आणि व्हीट वापरून साइट केली. लॅपटॉपवर 'एनपीएम रन डेव्ह' दिलं की झकास चालते. बिल्ड करून 'डिस्ट' फोल्डर सर्व्हरवर टाकलं, तर मुख्य पान उघडतं. पण आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४ येतो आणि एपीआयचा डेटाही येत नाही. सर्व्हरवर नोड टाकावं का?

उत्तर : नको. तुमच्या साइटला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लागतं ते फक्त बिल्ड होईपर्यंत. ब्राउझरला जेएसएक्स (रिअ‍ॅक्टमधली एचटीएमएलसारखी लिहिण्याची पद्धत) कळत नाही; नोडवर चालणारं व्हीट त्याची साधी जावास्क्रिप्ट करतं. 'डिस्ट'मध्ये उरतात त्या नुसत्या फाइली, त्या कुठलाही वेब सर्व्हर देतो. (नेक्स्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये पानं दर विनंतीला सर्व्हरवर तयार होत असतील, तर मात्र तिथे नोड हवंच.)

खरी अडचण वेगळी आहे. 'एनपीएम रन डेव्ह'ने सुरू होणारा, ५१७३ पोर्टवरचा डेव्ह सर्व्हर दोन कामं गुपचूप करत होता. एक, न सापडलेल्या पत्त्याला तो 'इंडेक्स.एचटीएमएल' देत होता. लिंकवर क्लिक केल्यावर पान ब्राउझरमध्येच बदलतं, सर्व्हरला कळतही नाही. रिफ्रेश केलं की विनंती थेट सर्व्हरकडे जाते, आणि त्या नावाची फाइल तिथे नसते. तुमचा वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'ट्राय फाइल्स'च्या ओळीत शेवटचा पर्याय 'इंडेक्स.एचटीएमएल' ठेवा. 'असेट्स' फोल्डरला (बिल्डची जावास्क्रिप्ट इथे असते) मात्र ही सवलत देऊ नका, तिथे ४०४ च येऊ द्या. नाहीतर नव्या बिल्डनंतर जुनी जावास्क्रिप्ट मागणाऱ्या ब्राउझरला एचटीएमएल मिळतं आणि कन्सोलमध्ये 'माइम टाइप'ची (फाइलच्या प्रकाराची) चूक दिसते. मूळ कारण शोधण्यात दिवस जातो.

दुसरं, प्रॉक्सी, म्हणजे एपीआयच्या विनंत्या बॅकएंडकडे (डेटा देणाऱ्या प्रोग्रामकडे) पोचवणं. व्हीटच्या कॉन्फिगमधली प्रॉक्सी 'डिस्ट'मध्ये येत नाही. एनजिनएक्समध्ये '/एपीआय/'साठी वेगळा 'लोकेशन' ब्लॉक लिहून 'प्रॉक्सी पास'मध्ये बॅकएंडचा पत्ता द्या. त्या पत्त्यात पोर्टनंतरच्या तिरक्या रेघेकडे लक्ष असू द्या : ती दिली तर पत्त्यातला '/एपीआय/' हा भाग कापून विनंती पुढे जाते, नाही दिली तर पत्ता आहे तसा जातो. बॅकएंडला काय हवं ते आधी पाहा.

आणि 'एनपीएम रन प्रीव्ह्यू'वर (तयार बिल्ड लॅपटॉपवर पाहण्याची आज्ञा) चाललं म्हणून निर्धास्त राहू नका. ४१७३ पोर्टवरचा तो सर्व्हरही ही दोन्ही कामं करतो. वेगळं सांगितलं नसेल तर प्रॉक्सी डेव्हचीच उचलतो. खरी चाचणी एनजिनएक्सवरच घ्या.