एका टिंबाचा मान

प्रश्न : बोलताना 'इ' आणि 'ई' आपण कुठे वेगळे म्हणतो? मग लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांचा एवढा जाच कशाला? समोरच्याला अर्थ कळला म्हणजे झालं ना? – एक वाचक

उत्तर : तुमची अर्धी तक्रार मला मान्य आहे. 'कवी' दीर्घ, पण 'कविमन' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, 'गरिबाला' ऱ्हस्व. तिथेच 'परीक्षा' मात्र 'परीक्षेला' होतानाही दीर्घच. हे सवयीनंच येतं. 'गरीबाला' असं लिहिलं म्हणून वाचक अडत नाही, आणि त्यावरून कुणाला हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. एके काळी 'नांव', 'घरें' हेच शुद्ध होतं. १९६२मध्ये साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेली ती टिंबं गेली.

पण 'अर्थ कळला म्हणजे झालं' हे मला पटत नाही. मी मुद्रितं तपासतो. या कामात नवा होतो तेव्हा एका निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुली' याऐवजी 'त्याच्या पश्चात' असं छापलं गेलं. माझ्या नजरेखालून गेलेलं पान. दुसऱ्या दिवशी त्यांची धाकटी मुलगी आली. कात्रण टेबलावर ठेवून तिनं त्या शब्दावर बोट टेकवलं. "बाबांचा एकेरी उल्लेख केलात तुम्ही," एवढंच म्हणाली.

अर्थ तर कळलाच होता. कोण गेलं, मागे कोण आहे, सगळं बरोबर होतं. बोलताना आवाजातून, चेहऱ्यावरून आदर कळतो, चुकलं तर लगेच सावरता येतं. छापलेल्या ओळीत त्या आदरासाठी एक टिंबच होतं, आणि ते मी गाळलं होतं.

तेव्हापासून माझी पहिली फेरी फक्त अनुस्वारांची असते. 'त्याना', 'मुलाना' तिथेच सापडतात. मग शब्दच बदलून टाकणाऱ्या जोड्या पाहतो : दिन-दीन, शिर-शीर. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत तर येणारा माणूसच बदलतो, एक शिकवायला येईल, दुसरा स्वयंपाकाला.

तुम्हीही संदेश पाठवण्याआधी निदान टिंबांवरून एकदा नजर फिरवा. बाकीच्यासाठी कोश आहे. परवाच 'निर्भर्त्सना' लिहिताना मीही तो उघडला.