महाराष्ट्राने बालगुन्हेगाराचं वय 18 वरून 16 का करू नये?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत प्रत्येक राज्य ही मर्यादा आपापली ठरवतं, मग पुण्याच्या निबंध प्रकरणानंतर (2024 चा पोर्श गाडीचा अपघात, ज्यात अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगून जामीन दिला होता) महाराष्ट्राने ती 16 वर का आणली नाही.

आणता येते. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. विधानसभेने दुरुस्ती करायची आणि ती केंद्राच्या कायद्याला छेद देणार म्हणून अनुच्छेद 254(2) खाली राष्ट्रपतींची मंजुरी घ्यायची. पण राज्यागणिक वेगळा कायदा हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. मद्रासचा 1920 चा, बंगालचा 1922 चा, मुंबई इलाख्याचा 1924 चा आणि नंतर 1948 चा. मूल कुणाला म्हणायचं ते राज्य ओलांडलं की बदलायचं. तो घोळ मिटवायला 1986 चा केंद्रीय कायदा आला, त्यात मुलगा 16 पर्यंत आणि मुलगी 18 पर्यंत अल्पवयीन. म्हणजे तुम्हाला हवा तो 16 चा आकडा 2000 चा कायदा येईपर्यंत होताच.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथला ओघ बरीच वर्षं वय वाढवण्याकडे होता. न्यूयॉर्कने 2017 मध्ये कायदा करून 16-17 ची बहुतेक मुलं प्रौढांच्या कोर्टातून काढली. लुइझियानाने 17 वर्षांच्या मुलांना बाल न्यायालयात आणलं आणि 2024 मध्ये पुन्हा बाहेर ढकललं. टेक्सास, जॉर्जिया, विस्कॉन्सिन 17 च्या मुलाला अजूनही प्रौढच धरतात. अनुकरण करायचं तर नेमकं कुणाचं?

आणि मुळात 16 आपल्या कायद्यात आहेच. 15 जानेवारी 2016 पासून लागू असलेल्या बाल न्याय कायद्याचं कलम 15 वाचा. गुन्हा घडला त्या दिवशी 16 पूर्ण आणि गुन्हा 'घोर', कोर्टात ज्याला हीनस म्हणतात तो, असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे मुलाला आपण काय करतोय याची समज किती होती ते तपासतं, आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं 2022 पासून सक्तीचं आहे.

मग पुण्यात का नाही चाललं? कारण घोर म्हणजे किमान शिक्षा 7 वर्षं किंवा जास्त. कमाल नव्हे, किमान. सदोष मनुष्यवधाला, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304 ला, किमान शिक्षाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं होतं की किमान शिक्षा लिहिलेली नसेल तर तो गुन्हा घोर नाही, कमाल जन्मठेप असली तरी. पुण्याच्या मंडळाने जुलै 2025 मध्ये प्रौढासारखा खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज फेटाळला. नव्या भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्याच्या कलम 105 च्या पहिल्या, जास्त गंभीर भागाला किमान 5 वर्षं आलीत. तरीही 7 नाहीतच.

उलट बाजू बघा. 17 वर्षांचा मुलगा 16 वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेला, संबंध आले, मुलीच्या बापाने तक्रार दिली, की पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम 4 लागतं. किमान 10 वर्षं, म्हणून घोर, म्हणून थेट कलम 15. कोयत्याने वार करून खुनाचा प्रयत्न करणारा मात्र त्यातून सुटतो, कारण त्या कलमाला किमान नाही. चॅनेलवर 16-18 ओरडणाऱ्यांपैकी यावर कुणी बोलताना दिसत नाही.

आता खरी मेख. वय 16 करा नाहीतर 14 करा, ते कुठल्या कागदावर मोजणार? महाराष्ट्रात किती माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो, आजूबाजूला विचारून बघा. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजी पोराला उभं करून अंदाज घेतात, पालकांना आठवत नाही, लिही 1 जून. शहरात हे कमी झालंय. पण ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या मुलांचं अजून असंच चालतं, आणि मंडळापुढे ही मुलं कमी नसतात.

वय ठरवण्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम 94 चा क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावी बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आदेशापासून 15 दिवसांत. समजा घटना 20 मे 2024 ची. शाळेत जन्म 1 जून 2008, ग्रामपंचायतीत 12 मार्च 2008. शाळेचा कागद धरला तर मुलगा 16 ला 12 दिवस कमी आणि कलम 15 लागतच नाही. ग्रामपंचायतीचा धरला तर लागतं. कायदा शाळेचा कागद पुढे ठेवतो, म्हणजे गुरुजींचा अंदाज दवाखान्यातल्या नोंदीवर मात करतो.

आणि इथेच माझं वर्षानुवर्षांचं भांडण आहे, सरकारी पक्षाशीही आणि आमच्याच वकीलमंडळींशीही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश निर्गम उतारा (शाळेच्या जनरल रजिस्टरची नक्कल) जोडला की झालं, असा समज आहे. नाही झालं. हे दोन्ही कागद कलम 94 मध्ये बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. मुख्याध्यापकांच्या सहीचा जन्मतारखेचा स्वतंत्र दाखला मागा. मूळ जनरल रजिस्टरसह त्यांना बोलवा आणि एवढंच विचारा की ही तारीख कशावरून लिहिली. 'पालकांनी तोंडी सांगितल्यावरून' असं उत्तर आलं की पुढचा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो. आधारवरची तारीख दाखवून वेळ घालवू नका. आणि वय अटकेच्या नव्हे, गुन्ह्याच्या दिवशीचं मोजतात. यातही चुकणारे आहेत.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे धरतात, त्यामुळे 17 च्या पोराबाबत ती जवळपास निरुपयोगी. दाखला बनावट निघाला तर वरचा क्रम कोसळतो. आणि अल्पवयीन असल्याचा दावा निकाल लागून गेल्यावरही करता येतो, कलम 9 मध्ये तशी तरतूद आहे. त्यामुळे सुरुवातीला कागद नीट पाहिला नाही, तर तेच भांडण दहा वर्षांनी उच्च न्यायालयात नव्याने उभं राहतं, आणि तोवर शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असतं.