गाडीतलं जेवण: चव नंतर, आधी वेळ विचारा

सुट्ट्या जवळ आल्या की लांब पल्ल्याच्या गाड्यांमधल्या जेवणाविषयी प्रश्न यायला लागतात, आणि घोळ दर वेळी तोच असतो. चव वाईट म्हणजे अन्न वाईट, वास चांगला म्हणजे अन्न चांगलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही हे लिहून लिहून मी थकले, तरी पुन्हा एकदा लिहिते. मी अन्नातल्या जंतूंचा अभ्यास करते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचा प्रश्न आला की तुम्हाला डॉक्टरांकडेच पाठवणार, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: डायनिंग कारमधलं जेवण इतकं बेचव का लागतं? विमानात जीभ मंदावते, तसंच गाडीतही होतं असं ऐकलं.

ऐकीव आहे. विमानात हवेचा दाब कमी असतो, हवा कोरडी असते, म्हणून वास आणि चव कमी जाणवते. गाडी जमिनीवरून धावते, तिला ती सबब नाही. मोठ्या आवाजात गोडी थोडी कमी लागते असं प्रयोगांत दिसलं आहे, तेवढं खडखडाटाच्या खात्यावर टाका. खरं कारण वेगळं आहे. अनेक गाड्यांमध्ये जेवण शिजतच नाही. ते बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात आधीच शिजवतात, झटपट थंड करतात, थंडच गाडीत चढवतात आणि वाढायच्या वेळी पुन्हा तापवतात. गार झालेला भात कडक होतो, तळणाचा कुरकुरीतपणा झाकणाखालच्या वाफेत जातो आणि भाज्या दुसऱ्यांदा तापून लगदा होतात. पण थंड ठेवण्याची साखळी कुठे तुटली नसेल, तर हे बेचव जेवण तुमच्यासमोर शिजवून तीन तास कोमट ठेवलेल्या चविष्ट जेवणापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं.

प्रश्न: पूर्वी डब्यातच चूल असायची, सगळं ताजं मिळायचं. तेच बरं नव्हतं का?

चवीला असेल. जॉर्ज पुलमन यांनी अमेरिकेत १८६८ साली ‘डेल्मॉनिको’ ही डायनिंग कार आणली, तेव्हापासून कित्येक वर्षं कोळशाची शेगडी, बर्फाची पेटी आणि हातभर रुंदीचा ओटा एवढ्यावर स्वयंपाक चालला. त्याच ओट्यावर कच्चं मांस कापायचं आणि तिथेच तयार ताटं लावायची. जुन्या छायाचित्रांत चांदीचे काटे-चमचे दिसतात, हे दिसत नाही.

प्रश्न: पेयात बर्फ घातला की जंतू मरतात ना?

नाही. गारठतात आणि तुमच्या पेल्यात पुन्हा जागे होतात.

प्रश्न: मुलगा झोपला होता म्हणून दुपारी बाराला आलेलं जेवण तसंच ठेवलं. पाच वाजता वास घेऊन पाहिला, काही वाईट नव्हतं. तरी पँट्रीतून पुन्हा गरम करून आणलं. रात्री आठच्या सुमारास त्याला उलट्या झाल्या. गरम केल्यावर जंतू मरत नाहीत का?

जंतू मरतात. त्यांनी तोवर सोडलेलं विष मरेलच असं नाही. याच एका गोष्टीसाठी मी हा स्तंभ लिहिते असं म्हटलं तरी चालेल, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

भात घ्या. कच्च्या तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यात टिकतात. भात शिजून कोमट झाला की त्यांतून जंतू उगवतात, वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. पँट्रीतल्या मायक्रोवेव्हनं त्याचं काय होणार? खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या, हा त्याचा नेहमीचा हिशेब. तुम्ही दिलेल्या वेळा त्यात बसतात. पण तेवढ्यावरून तेच झालं असं मी म्हणणार नाही. ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

दुसरा जंतू माणसाच्या नाकात आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेत राहतो, ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’. त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून अँकरेज आणि कोपनहेगनमार्गे पॅरिसला जाणाऱ्या एका विमानात न्याहारीला हॅम घातलेलं ऑम्लेट वाढलं. विमानात साडेतीनशेच्या आसपास प्रवासी होते. त्यांतले जवळजवळ दोनशे आजारी पडले आणि १४० हून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात हॅम हाताळणाऱ्या आचाऱ्याच्या बोटांना जखमा होत्या. ते अन्न काही तास बाहेर राहिलं, मग पुरेशा थंड नसलेल्या जागी ठेवलं गेलं आणि विमानात व्यवस्थित गरम करून वाढलं गेलं. गरम तर केलंच होतं! वैमानिकांनी वेगळं जेवण घेतलं होतं, म्हणून निदान विमान चालवणारे ठणठणीत राहिले. आगगाडीची पँट्री आणि विमानाची पँट्री या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत: शिजवणारा एकीकडे, खाणारा दुसरीकडे आणि मधले तास कुणाच्याच खात्यावर नाहीत.

तिसरा ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स’. मोठ्या भांड्यातला दाट रस्सा आणि मांसाचे पदार्थ ही त्याची आवडती जागा. सोयीचं तापमान मिळालं तर तो दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एका जंतूचे तीन तासांत अडीच लाखांवर. हा मात्र कडकडीत तापवल्यानं मरतो, पण कोमट केल्यानं नव्हे. मायक्रोवेव्हमधून आलेल्या ताटलीची कड बोट भाजेल इतकी गरम आणि मधला गोळा गारढोण, हे तुम्ही पाहिलं असेलच. तो मधला गोळा चमच्यानं फोडून पाहा. आतून वाफ आली नाही तर परत पाठवा, लाजू नका.

आणि वास. अन्नाला आंबूस वास आणणारे जंतू बहुधा वेगळे असतात आणि माणसाला आडवं करणारे वेगळे. विष झालेल्या भाताला सुरेख वास येऊ शकतो. तेव्हा नाकाला या कामातून निवृत्त करा.

जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं २००१ सालीच भित्तिपत्रकावर छापली. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, हे त्यांतच आहे. गाडीत तुमच्याकडे थर्मामीटर नसतो, घड्याळ असतं. ते वापरा. वाढणाऱ्याला ‘ताजं आहे का’ विचारू नका, ‘हो’च म्हणणार तो. ‘हे कधी शिजवलं आणि कधी गरम केलं’ असं विचारा. उत्तर पटकन आलं तर ठीक. तो शेजारच्याच्या तोंडाकडे बघू लागला तर पाव, बिस्किटं आणि सालीचं फळ यांवर भागवा.

मुलगा अजून मरगळलेला असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. आजच.

प्रश्न: म्हणूनच मी घरचा डबा नेते. तो तरी निर्धास्त ना?

वरचं उत्तर पुन्हा वाचा. जंतूंना घरचं-बाहेरचं कळत नाही. पहाटे भरलेला ओलसर पदार्थांचा डबा दुपारी उघडलात, तर तुम्ही पँट्रीवाल्यापेक्षा जास्त धोका पत्करलात. कोरडे पदार्थ न्या. गरमच न्यायचं असेल तर चांगल्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग उकळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो.

प्रश्न: ‘ताजं’, ‘प्रिझर्व्हेटिव्हविरहित’, ‘नामवंत शेफची पाककृती’ असं छापलेली पाकिटं गाडीत महाग मिळतात. घ्यावीत का?

शेफची पाककृती जंतूंनाही आवडते. ‘प्रिझर्व्हेटिव्हविरहित’ हे दोन तऱ्हेच्या पाकिटांवर दिसतं. एक, हवाबंद करून १२१ अंशांच्या आसपास निर्जंतुक केलेली. त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह लागतच नाही, मग मिरवायचं कशाला? दुसरी, नुसती थंड ठेवून टिकवायची. त्यांच्या बाबतीत ‘विरहित’ म्हणजे ‘लवकर बिघडणारं’ असं वाचा आणि पाकीट हाताला थंडगार लागतं का ते पाहा. पॅकिंगची तारीख म्हणजे शिजवल्याची तारीख नव्हे, ही पळवाट जुनी आहे. एका लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं असेल किंवा पाकीट फुगलेलं असेल तर हातही लावू नका.

प्रश्न: जेवणाबरोबर थोडी दारू किंवा कच्चा कांदा घेतला तर बाधा होत नाही म्हणतात.

म्हणू देत. होते.

प्रश्न: माझी मैत्रीण प्रवासाच्या आदल्या दिवसापासून अँटिबायोटिक आणि कोळशाच्या गोळ्या घेते. मीही सुरू करू का?

नको, आणि मैत्रिणीलाही थांबवा. तयार विषावर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. कोळसा तुमची बाकीची औषधंही शोषून घेतो, त्यांत गर्भनिरोधक गोळ्याही आल्या. जुना आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, तर काय जवळ ठेवायचं ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नव्हे.

प्रश्न: सॅनिटायझर असला की हात धुवायची गरज नाही ना?

आहे. गाडीत एकामागून एक माणसं आजारी पडली की सगळे स्वयंपाक्याला धरतात, पण कित्येकदा तो नोरोव्हायरस असतो. तो दाराच्या मुठीवरून, नळावरून, टेबलाच्या कडेवरून पसरतो. मोजके विषाणू पोटात गेले तरी पुरतात. सॅनिटायझरला तो नीट बधत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं. उलट्या होत असलेल्या माणसानं इतरांना वाढू नये, मग तो वाढपी असो की घरातलाच कुणी.

प्रश्न: मी जेवणाआधी इन्सुलिन घेतो. गाडीत जेवण तास-दोन तास उशिरा येतं.

ताट समोर येईपर्यंत जेवणाआधीची सुई टोचू नका. साखर एकदम उतरली तर लागतील म्हणून एकूण १५ ग्रॅम साखर भरेल इतक्या ग्लुकोज गोळ्या खिशात ठेवा, वरच्या बर्थवरच्या बॅगेत नव्हे. मात्रा कशी बदलायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न: गरोदर आहे, चौथा महिना. गाडीत सँडविच आणि सॅलडच बरं वाटतं.

ताजंतवानं वाटतं, पण नेमकं तेच टाळा. थंड मांसाचे काप, धुरवलेले मासे, कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि आधी कापून ठेवलेलं सॅलड यांत ‘लिस्टेरिया’ हा गर्भाला बाधू शकणारा जंतू असू शकतो. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. वाफाळतं अन्न घ्या. पुढच्या काही आठवड्यांत साधा ताप आला तरी डॉक्टरांना दाखवा आणि प्रवासात काय खाल्लं तेही सांगा.

प्रश्न: प्रवासाहून आल्यापासून चार दिवस जुलाब आहेत. आपोआप थांबतील म्हणून एनर्जी ड्रिंकवर होतो. आता थोडा ताप आहे. गाडीतल्या शेवटच्या जेवणाची तक्रार करायची आहे, पुरावा काय द्यावा?

चार दिवस! आधी स्वतःकडे बघा, तक्रार नंतर. एनर्जी ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर फार आणि क्षार कमी असतात, त्यानं जुलाब वाढूही शकतात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा, चिमूटचिमूट पेल्यात नको. ताप असताना किंवा शौचात रक्त दिसत असताना जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. डॉक्टरांकडे आज जा, उद्या नाही.

शेवटचं जेवणच दोषी असं धरून चालू नका. साल्मोनेला हा जंतू काही तासांपासून काही दिवसांपर्यंत कधीही उमटतो. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस एला तर साधारण महिनाभर. म्हणून शेवटच्या ताटाबरोबरच निघण्याआधीच्या आठवड्यात काय काय आणि कुठे खाल्लं ते आठवून लिहा. गाडीचा क्रमांक, जेवणाची वेळ, पाकीट असेल तर त्यावरचा बॅच क्रमांक आणि बरोबरीचं कुणी आजारी पडलं का, हेही लिहा आणि रेल्वेला व स्थानिक आरोग्य विभागाला कळवा. शौचाची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. करायची असेल, तर नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडला नाही, तर तक्रारीला तेवढाच आधार कमी.