बाबांना एक डोमकळी उघडून दाखव

प्रश्न : मावशी, मी बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या रावे, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचं सत्र, चालू आहे. घर यवतमाळ जिल्ह्यात, सहा एकर कोरडवाहू, त्यातलं चार एकर कापूस. मला कीटकशास्त्रात एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करायची आहे. बाबा म्हणतात, "किडे पकडायला शिकवलं का तुला? एमपीएससी दे, नाहीतर लग्नाचं बघू." गेल्या आठवड्यात आईने माझी कीटकांची पेटी गोठ्यात नेऊन ठेवली आणि मुंग्यांनी अर्धे नमुने खाल्ले. मी दोन दिवस जेवले नाही. मला माणसांपेक्षा किड्यांमध्येच बरं वाटतं. बाबांना कसं समजावू?
— पेटीवाली

पोरी,

पेटीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. भुंगेऱ्याच्या उजव्या पंखातून टाचणी घालायची, पाय कडक व्हायच्या आत एकेक नीट पसरायचे, खाली गाव-तारखेची चिठ्ठी लावायची, यात किती जीव ओतावा लागतो हे आईला कुणी सांगितलेलंच नाही. तिला ते मेलेले किडे दिसले. तिच्यावर राग धरू नकोस. पेटी पुन्हा भर, डांबरगोळ्या घाल, आणि पहिली टाचणी आईला शेजारी बसवून लाव.

आता बाबा. ज्या किड्याचं नाव काढून ते तुला हिणवतात, त्याच किड्यावर तुमच्या घराचं वर्ष अवलंबून असतं. माझं माहेर वर्ध्याकडचं. 2017 साली भावाच्या शेतातलं एक बोंड मी हातात घेतलं होतं. वरून हिरवंगार, ठणठणीत. फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली. निम्म्याहून जास्त कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, निघाली. भाऊ फवारण्यांवर फवारण्या करत होता. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, हे त्याला दुकानदाराने सांगितलं नाही. त्याच हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दिवस बाबांना आठवत असतील. त्यांच्याशी बोलताना सुरुवात तिथून कर, तुझ्या आवडीपासून नको.

त्यांना पाकिटातल्या पुडीचंही विचार. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कापसाच्या, बियाण्याच्या 450 ग्रॅमसोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती बांधाच्या कडेने लावायची होती, म्हणजे बीटीची सवय नसलेल्या अळ्याही शेतात टिकल्या असत्या आणि प्रतिकारक झालेल्यांशी त्यांचा संकर होत राहिला असता. बहुतेकांनी ती फेकली. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवायची सवय, आणि गुलाबी अळी तर जवळजवळ कापसावरच जगणारी. 2002 साली आलेलं बीटी तंत्र पंधरा वर्षांत तिच्यापुढे लंगडं झालं. पुडी का लावायची हे भावाच्या बांधावर उभं राहून, त्याच्या भाषेत सांगणारं माणूस त्याला भेटलं नाही. माझा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलेला आहे, म्हणून तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आणि म्हणूनच तुझं शेवटचं वाक्य मला खटकलं. माणसांपासून लांब राहता येईल म्हणून कीटकशास्त्र घेत असशील तर थांब. आपल्याकडे या विषयातलं निम्मं काम लोकांशी बोलण्याचं आहे. रावेत कृषिकन्या म्हणून गावात गेलीस तेव्हा जीव घाबरला असेल, तर ते मला मोकळेपणाने लिही. प्रयोगशाळेत, वर्गीकरणात रमणाऱ्यांनाही जागा आहे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, राष्ट्रीय विषाणू संस्थेत डास-गोचिडांवर काम चालतं, केंद्रीय मधमाशी संस्थाही तिथेच आहे. पण या जागा मोजक्या.

पैशाचं खरं सांगते, कारण बाबांची भीती तीच आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची किमान तीन, मध्ये प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेचा अभ्यास. संशोधन प्रकल्पातल्या नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात. कायम जागांच्या जाहिराती निघायला वर्षं लागतात. हे लपवून हो म्हणवून घेऊ नकोस. त्यापेक्षा असं सांग : राज्यातल्या कृषी विद्यापीठांची आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची, दोन्ही प्रवेश परीक्षा देईन. परिषदेच्या परीक्षेत वरचा नंबर आला तर शिष्यवृत्ती मिळते, मग घरून पैसे मागणार नाही. आणि बाबा म्हणतात ती एमपीएससी मला शत्रू वाटत नाही. कृषी सेवेची परीक्षा एम.एस्सी. करतानाही देता येते, आणि कीड ओळखणारा तालुका कृषी अधिकारी कुठल्याही तालुक्याला हवाच आहे. लग्नाचं मात्र एम.एस्सी. होईपर्यंत बोलायचं नाही, एवढं स्पष्ट सांग. त्यावर मागे येऊ नकोस.

2018 साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली ती कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे, तिथल्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांना. नेहमीच्या अळीपेक्षा ही वेगळी आहे हे त्यांच्या डोळ्यांना कळलं. वर्षाच्या आतच ती आपल्या मक्यावरही आली. असे डोळे तयार व्हायला वर्षं लागतात, हे बाबांना नक्की सांग.

पण आधी एक कर. तुमच्या चार एकर कापसात गुलाबी अळीचे आठ कामगंध सापळे लाव, एकरी दोन; मादीच्या वासाने नर पतंग त्यांत येऊन अडकतात. त्यात लावायची वासाची गोळी, ल्यूर, तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळेल. रोज सकाळी पतंग मोजायचं काम बाबांना दे आणि आकडे वहीत लिहायला सांग. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले तर फवारणीचा विचार, नाहीतर पंप खाली. फुलं लागल्यावर ओळीने हिंड. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल दिसलं की ती डोमकळी, आत गुलाबी अळी असते. ती तोडू नकोस. बाबांना हाक मार आणि त्यांच्याच हाताने उघडायला लाव.

वहीतले आकडे मला दसऱ्यापर्यंत पाठव.

तुझी,
मावशी