आधी फोटो, मग किट : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

लष्करी वाहनांची मॉडेल्स बनवणाऱ्यांनी किट आणि जोडसामान (किटशिवाय वेगळे विकत मिळणारे भाग) निवडताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यातली काही पत्रं आणि माझी उत्तरं इथे देतो. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी बावीस वर्षं ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात, टँकदुरुस्तीवर होतो. आता भिंगारला राहतो. ज्या गाड्यांची इंजिनं उतरवली, त्याच गाड्या आता १/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, बनवतो.

काका, मला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन बनवायचा आहे. दुकानदार इस्रायली ‘शॉट काल’चं किट दाखवतो आणि त्यासोबत फोटो-एच, धातूची बॅरल (तोफेची नळी) आणि धातूचे ट्रॅक (चाकांवरचे साखळपट्टे) घ्यायला सांगतो. जोडसामानच किटच्या दुप्पट किमतीचं होतंय. घेऊ का? – एक वाचक, सांगली

नका घेऊ. आणि नुसतं जोडसामानच नव्हे, तर ते किटही नका घेऊ.

शॉट काल हा ब्रिटिश सेंच्युरियन टँकच, पण इस्रायलने बदललेला. त्यांनी जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं आणि त्यासाठी टँकची मागची बाजू उंच केली. तोफ १०५ मिमीची. १९७१ साली पूना हॉर्सकडे, म्हणजे खेत्रपाल यांच्या रेजिमेंटकडे, जे सेंच्युरियन होते त्यांत मूळचं मेटिओर पेट्रोल इंजिन होतं आणि तोफ होती २० पाउंडर, म्हणजे साधारण ८४ मिमीची. इंजिनावरची झाकणं, मागचा उतार, बॅरलची जाडी, सगळंच निराळं. दोनशे तास खपून तुम्ही अगदी सुबक टँक बनवाल, पण तो खेत्रपाल यांचा, बसंतर नदीकाठच्या लढाईतला टँक नसेल.

एएफव्ही क्लब या कंपनीचं व्हिएतनाममधल्या ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनचं १/३५ किट मिळालं तर ते पाहा. त्यात २० पाउंडर आहे. ऑस्ट्रेलियन लोकांनी मागे तेलाची एक जादा टाकी लावली होती, ती तुम्ही लावू नका. तामियाचं सेंच्युरियन मार्क ३ हे जुनं किट आहे. बारकावे कमी असले तरी जुळणी सोपी आहे आणि पहिल्या प्रयत्नाला ते चालेल.

पण किटच्या आधी फोटो. तुम्हाला १६ डिसेंबर १९७१चा, जरपालजवळचा टँक हवा आहे. त्या लढाईतल्या भारतीय सेंच्युरियनचे जेवढे फोटो सापडतील तेवढे जमवा, छापून घ्या आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खुणा करा: बाजूचे पत्रे आहेत की उतरवलेत, दिव्यांचे गार्ड सरळ आहेत की वाकलेत, टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) काय काय बांधलंय. ही यादी तयार झाली की जोडसामानाचा हिशोब आपोआप सुटतो.

धातूचे ट्रॅक घेऊच नका. सेंच्युरियनच्या बाजूला पत्र्यांचे स्कर्ट असतात, ट्रॅकचा वरचा अर्धा भाग त्यांच्यामागे झाकला जातो. जे दिसणार नाही त्यावर एवढे पैसे का घालायचे? पत्रे उतरवलेला टँक करणार असाल तर गोष्ट वेगळी.

बॅरलचं म्हणाल तर किटमधली प्लॅस्टिकची बॅरल दोन फाकांत येते आणि सांध्याची रेघ घासून काढावी लागते. घासताना ती एका अंगाने चपटी होण्याची भीती असते. हात बसलेला नसेल तर धातूची बॅरल घ्या, पण पाकिटावर २० पाउंडर लिहिलेलं पाहूनच. दुकानदार १०५ची देईल आणि ‘सेंच्युरियनचीच आहे’ म्हणेल. त्याचंही खोटं नसतं.

फोटो-एच म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्यावर कोरलेले भाग. त्यांचा खरा उपयोग कुठे होतो ते आकड्यांत सांगतो. किटमधला प्लॅस्टिकचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असला, तर ३५ पटीने तो खऱ्या टँकवर साडेसतरा मिमीचा झाला. मडगार्डचा पत्रा एवढा जाड नसतो, एवढ्या जाडीला आम्ही चिलखत म्हणू. ०.१५ मिमीचं पितळ मात्र सव्वापाच मिमीचं होतं आणि ते डोळ्याला पटतं. म्हणून पत्रा, जाळी, कडी-कोयंडा यांना पितळ. जिथे खरी वस्तू ओतीव आणि जाड आहे, तिथे प्लॅस्टिकच बरं. सेंच्युरियनचा टरेट ओतीव आहे, त्याला पितळ नको, खडबडीतपणा हवा. पातळ सिमेंट ब्रशने लावा, अर्ध्या मिनिटाने ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टोचा. एकदा अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये या. १९९४पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि तिथे सेंच्युरियन उभा आहे. त्याच्याजवळ उभं राहून ते ओतकाम पाहिलंत की किती टोचायचं ते कळेल.

वाचलेल्या पैशांतून एम-सील आणा. लढाईतल्या टँकवर माणसांचा संसार असतो: बिस्तरे, छद्मजाळी, ताडपत्री, पाण्याच्या छागली. बाजारात मिळणारं रेझिनचं सामान बहुतेक अमेरिकन किंवा जर्मन सैन्याचं असतं. आपल्या जवानाचा बिस्तरा हातानेच करावा लागतो. एम-सील मळा, काचेवर टाल्कम पावडर भुरभुरा, बाटलीने लाटून पोळी करा. जरा आवळली की पट्टी कापून गुंडाळा आणि दोऱ्याचा ठसा उमटवा. मी करतो तो बिस्तरा साधारण दोन सेंटिमीटर लांब होतो, म्हणजे खरा सत्तर सेंटिमीटरचा. गुंडाळीच्या टोकाला तीन-चार वळ्या दिसल्या पाहिजेत, त्या टाचणीने उघडतो.

आणि माती. नगरची काळी माती या टँकला फासू नका. बसंतरकाठची जमीन पंजाबच्या मैदानातली, फिकट, राखाडी-तपकिरी पोयट्याची. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावाच्या मैदानावर पावसाळ्यात ट्रॅकमध्ये बसलेली आमची काळी चिकण माती आम्ही पहारीने काढायचो. ती निराळी दिसते आणि निराळी चिकटते.

खेत्रपाल यांच्या टँकचं नाव ‘फामागुस्ता’ पांढऱ्या अक्षरांत हवं असेल तर घरच्या प्रिंटरवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) होणार नाही, कारण प्रिंटरात पांढरी शाई नसते. कोरड्या ट्रान्स्फरची अक्षरं वापरा किंवा ००० नंबरच्या ब्रशने लिहा. हे काम सावकाश करा. त्या टँकमध्ये एकवीस वर्षांचा मुलगा शेवटपर्यंत लढत राहिला होता.

टी-५५साठी सुट्या कड्यांचे ट्रॅक घ्यावेत का? मला १९७१चा भारतीय टँक करायचा आहे. – एक वाचक, नागपूर

इथे माझं उत्तर वरच्यापेक्षा उलट आहे. घ्या.

टी-५५ला ट्रॅक वर उचलून धरणारे छोटे रोलर नसतात. वरचा ट्रॅक थेट पाच रोडव्हीलांवर (खालच्या मोठ्या चाकांवर) टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकातलं अंतर जास्त असल्यामुळे तिथे झोळ ठळक दिसतो. व्हिनाइलचा अखंड पट्टा ताठ राहतो, हा झोळ त्यात येत नाही. सुट्या कड्यांत तो आपसूक येतो. धातूचेच हवेत असंही नाही, प्लॅस्टिकच्या सुट्या कड्याही चांगल्या. जोडायला दोन रविवार जातील.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पाकिटात मिळणार नाही. पाकिस्तानकडचा चिनी टाइप ५९ आणि आपला टी-५५ दिसायला जवळजवळ सारखे. धुरळ्यात आपलाच गोळा आपल्यावर पडू नये म्हणून १९७१मध्ये आपल्या टी-५५च्या बॅरलवर मधोमध एक खोटा फुगीर डबा बसवला होता. दुरून पाहणाऱ्याला तो तोफेतला धूर खेचणारा भाग वाटावा. पातळ प्लॅस्टिक शीटची पट्टी बॅरलभोवती गुंडाळून तो सहज होतो. ज्याला ठाऊक आहे तो तुमचं मॉडेल पाहताना पहिल्यांदा तिथेच बघेल.

काका, मी दहावीत आहे. माझ्याकडे साठवलेले तीन हजार रुपये आहेत. एअरब्रश घेऊ की मोठं किट? – एक विद्यार्थी, चिपळूण

बाळा, दोन्ही नको. किट लहान घे, हत्यारं नीट घे.

१/३५मध्ये माणूस पाच सेंटिमीटरचा होतो, १/७२मध्ये अडीचच्याही आत. हात बसेपर्यंत १/३५ची जीप किंवा एखादी छोटी चिलखती गाडी बरी. भाग हाताळण्याजोगे मोठे असतात आणि किट महागही नसतं. उरलेल्या पैशांतून चांगला निपर (भाग कापायची छोटी पक्कड), पातीचा चाकू, ४०० ते १००० नंबरचा वॉटर पेपर, टोकदार चिमटा आणि पातळ प्लॅस्टिक सिमेंटची एक बाटली घे. निपर नेलकटरच्या जातीचा नसावा, एक बाजू सपाट असलेला हवा. भाग फ्रेमपासून तोडताना अगदी कडेला कापू नकोस. थोडं लांब काप, मग दुसऱ्यांदा सपाट बाजूने. एका झटक्यात कापलं की प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि भागातून टवका निघतो.

सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून सांधतं, म्हणून ते प्लॅस्टिकलाच चालतं. पितळ आणि रेझिनला फेव्हिक्विक. पण काचेच्या पारदर्शक भागाजवळ फेव्हिक्विक नेऊ नकोस, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे पांढरा फेव्हिकॉल लाव. रेझिन घासायचं असेल तर पाण्यात बुडवून घास आणि मास्क लाव. त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये, यात हयगय चालणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मॉडेलला लावू नकोस. तो प्लॅस्टिक खातो.

रंगासाठी सध्या पाण्याचे ॲक्रिलिक आणि दोन बरे ब्रश पुरे. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात दे, प्रत्येकाला वाळायला वेळ दे. चिपळूणचा पाऊस मला ठाऊक आहे. त्या दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारलास तर रंगावर पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर घासायचं आणि जोडायचं काम कर, स्प्रे दिवाळीनंतर. एअरब्रशचं तीन-चार गाड्या झाल्यावर बघू. तेव्हा ०.३ मिमी नोझलचा घे आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे, तुमच्याकडे तर नक्कीच.

लेस्टरहून सुट्टीत येताना भाच्यासाठी किट आणि रंग आणले तर चालतील का? – एक वाचक

किट, बॅरल, ट्रॅक, डेकल आणा. सिमेंट, स्प्रेचे डबे, एनॅमल रंग, थिनर हे पेट घेणारं सामान आहे, विमानात चालत नाही. ते इथेच मिळतं.

माळा आवरताना भावाने तीस वर्षांपूर्वी घेतलेलं एक न उघडलेलं टँकचं किट सापडलं. आता बनवता येईल का? – एक वाचिका, नाशिक

येईल, ताई. प्लॅस्टिक बहुधा उत्तम असेल. जुन्या किटच्या तळाला मोटर आणि बॅटरीची भोकं असतील तर ती शीटने बुजवा. डेकल पिवळी पडली असतील तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा. पिवळेपणा पुष्कळ जातो. मग एक डेकल पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर बाकीच्यांवर आधी क्लिअर लॅकरचा पातळ हात द्या.

पण आजच, हे पत्र वाचून झाल्यावर, पेटी उघडा आणि काळे व्हिनाइलचे ट्रॅक वेगळे काढा. माझ्या अनुभवातून सांगतो. मी एक टँक पूर्ण करून, ट्रॅक चढवून, खोक्यात घालून माळ्यावर ठेवला होता. दोन उन्हाळे गेले. काढला तेव्हा ट्रॅक चाकांना चिकटला होता. ओढला तर चाकाच्या कडेवर कडी न् कडी रुतलेली होती, जणू गरम लोखंडाने डागलेली, आणि बोटाला चिकट, तेलकट लागत होतं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते हळूहळू बाहेर पाझरतं आणि शेजारच्या प्लॅस्टिकला खातं. उष्णतेने ते लवकर होतं. माझी बारा चाकं गेली, रंगासकट.

तुमच्या पेटीत ट्रॅक चाकांच्या फ्रेमला टेकून असतील, तर फ्रेम उजेडात तिरकी धरा आणि चकाकणारे ओलसर चट्टे दिसतात का पाहा. नसतील तर ट्रॅक झिपच्या पिशवीत घालून पेटीबाहेर ठेवा. मॉडेल पूर्ण झालं की चाकांच्या कडांवर रंगाचा नीट हात असू द्या आणि ट्रॅक ताणून बसवू नका. चट्टे दिसले तर चाकं साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मला फोटो पाठवा. किती खाल्लं आहे ते पाहून पुट्टी लावायची की सुटी चाकं मागवायची ते सांगतो. भावाचं किट आहे, ते पुरं होऊ दे.